नवेगावचे पक्षी, गोठणगावचा मठ आणि रात्री घरी तीन घोट: नागपूरहून एका दिवसाची सहल कशी आखावी

डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही पाच जण गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावच्या तिबेटी वसाहतीत पोचलो, तेव्हा गावात जवळजवळ कुणीच नव्हतं. घरांना कुलपं. एका ओसरीवर कुत्रं ऊन खात पडलेलं. मठाच्या पायरीवर एक आजी जपमाळ ओढत बसल्या होत्या. विचारलं, "आजी, सब लोग कहाँ गए?" त्या म्हणाल्या, "नागपुर गए. स्वेटर बेचने." मग त्यांनी माझ्या अंगातल्या स्वेटरची बाही दोन बोटांत धरून चाचपली आणि तोंडाला पदर लावावा तसा हात लावून हसल्या. तो स्वेटर मी पंधरा दिवसांपूर्वी नागपुरातल्या तिबेटी बाजारातूनच घेतला होता. म्हणजे ज्या माणसांना भेटायला मी दीडशे किलोमीटर गाडी हाणत आलो, ती माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर बसलेली होती.

तेव्हापासून ही सहल मी चार वेळा केली आणि दरवेळी काहीतरी सुधारत गेलो. सकाळी नवेगावबांधच्या तलावावर गाइडसोबत पक्षी, दुपारी गोठणगावचा बौद्ध मठ, संध्याकाळी नागपूरला परतून घरी वाइनची चव. तिन्ही गोष्टी एका दिवसात बसतात, पण तारीख आणि क्रम दोन्ही जमले तरच.

तारीख आधी ठरवा, माणसं नंतर गोळा करा

आपल्याकडे उलटं होतं. आधी ग्रुपवर "कधी जाऊन राहिलो?" सुरू होतं, मग ज्याला जेव्हा सुट्टी तेव्हा निघायचं. या सहलीत तसं चालत नाही.

उत्तरेकडून येणारी बदकं ऑक्टोबर-नोव्हेंबरात उतरायला लागतात, डिसेंबर-जानेवारीत तलाव भरलेला असतो, फेब्रुवारीअखेर परतीची गडबड सुरू होते आणि मार्च संपता संपता पाणी रिकामं दिसायला लागतं. तिबेटी कुटुंबांचं वेळापत्रक नेमकं याच्या उलट. दिवाळीच्या सुमारास ती स्वेटरचे गठ्ठे घेऊन शहरांत जातात आणि थंडी ओसरली की घरी येतात. त्यांचं नवं वर्ष, लोसार, फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीला येतं, त्याआधी बहुतेक जण परतलेले असतात. बदकं अजून गेली नाहीत आणि माणसं घरी आली आहेत, असे दोन-तीनच आठवडे मिळतात: साधारण फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा पहिला आठवडा. याच दिवसांत पळसही फुललेला असतो, त्याबद्दल पुढे सांगतो.

दोन तारखा मात्र टाळा. एक, महाशिवरात्रीचे दोन-तीन दिवस. गोठणगावजवळच्या प्रतापगडावर तेव्हा मोठी यात्रा भरते. डोंगरावर महादेव आहे, दर्गाही आहे, आणि पंचक्रोशीतले लोक दोन्हीकडे जातात. यात्रा पाहायची असेल तर जरूर जा, पण त्या दिवशी शांत मठ आणि मोकळा रस्ता मिळणार नाही. दुसरी, लोसारचा प्रत्यक्ष दिवस. तो त्यांचा घरचा सण आहे. कुणी बोलावलं असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर चार-पाच दिवस जाऊ द्या.

वार शक्यतो रविवार नको. तलावाकाठी पिकनिकचे डबे उघडतात, त्यासोबत ब्लूटूथचे भोंगेही येतात. नुसते पक्षीच पाहायचे असतील तर डिसेंबर-जानेवारीसारखा काळ नाही. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह. ५ तारीख वनाधिकारी मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ डॉ. सलीम अलींचा. चितमपल्लींनी नोकरीची काही वर्षं याच नवेगावात काढली, त्यामुळे तलावावर उभं राहून त्यांची आठवण काढणारा एखादा म्हातारा गावकरी अजून भेटतो.

गाइडला फोनवर विचारायचे तीन प्रश्न

गाइड दोन प्रकारे मिळतो. नागपुरातले पक्षीमित्रांचे गट हिवाळ्यात फेऱ्या काढतात, किंवा नवेगावबांधला वनविभागाकडे काम करणारी स्थानिक पोरं असतात. माझा कौल स्थानिकाला. पुस्तकी नाव चुकेल कदाचित, पण आज कोणता थवा कुठल्या कोपऱ्यात बसलाय हे त्याला काल संध्याकाळपासून माहीत असतं.

फोनवर पहिला प्रश्न हा विचारा: सकाळी सातला आपण कुठे उभे असू आणि ऊन कुठून येईल? सूर्य पाठीमागे हवा. समोरून ऊन आलं की पाण्यावरचं प्रत्येक बदक काळं दिसतं आणि पाच तासांची झोप फुकट जाते. ज्याला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, तो तुम्हाला चहाच्या टपरीजवळच्या काठावर उभं करणार.

दुसरा प्रश्न: गेल्या आठवड्यात काय दिसलं? चांगला गाइड म्हणतो, "लालसऱ्या आहेत अजून, तलवार बदकं कमी झाली." कच्चा गाइड म्हणतो, "सगळंच दिसते भाऊ, वाघबी दिसते."

तिसरा: मोबाइलवर आवाज लावून पक्षी बोलावता का? उत्तर "हो" असेल तर दुसरा गाइड शोधा. एकदा आमच्यासोबतच्या एकाने भर दिवसा पिंगळ्याचा आवाज लावला. पिंगळा आला, अस्वस्थ होऊन मान फिरवत राहिला, त्याच्यामागे दहा-बारा छोटे पक्षी कलकलाट करत आले, आणि फोटो काढून आम्ही निघून गेलो. गाडीत बसल्यावर माझ्या बायकोने विचारलं, "त्याला आता कितीक वेळ वाटत राहील की घरात कोणी घुसलंय?" मला उत्तर सुचलं नाही.

पैसे आधीच बोलून घ्या आणि त्यात त्याचा नाश्ता धरा. एका गाइडमागे सहापेक्षा जास्त माणसं नकोत. सातवा माणूस नेहमी मागे राहतो आणि "काय होतं? काय होतं?" विचारत राहतो.

दुर्बीण: अर्धा तास घरच्या गच्चीवर

सहलीला येणाऱ्या दहांपैकी आठ जणांची दुर्बीण नीट लावलेली नसते आणि त्यांना ते माहीतही नसतं. "मला तर धूसरच दिसतं" म्हणून ते ती गळ्यात अडकवून ठेवतात.

दुर्बिणीवर ८×४२ असं काही लिहिलेलं असतं. आठ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. नवख्याने ८×४२ घ्यावी. दहापट वाचून मोह होतो, पण हात जेवढा हलतो तोही दहापट हलतो, शिवाय दिसणारं वर्तुळ लहान होतं.

आता गच्चीवर जा. तीसेक मीटरवरची एखादी पाटी निवडा, अक्षरं असलेली. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप आत दाबा किंवा फिरवून बसवा, नसेल तर बाहेर काढा. दोन्ही नळ्या मधल्या बिजागरीवर जवळ-लांब करत जा, दोन वर्तुळांचं एकच वर्तुळ होईपर्यंत. मग उजव्या बाजूच्या भिंगावर तळहात धरा आणि फक्त डाव्या डोळ्याने पाहत मधलं चाक फिरवून अक्षरं स्वच्छ करा. आता डावीकडे हात धरा. मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्यापाशी असलेली बारीक कडी फिरवा आणि तीच अक्षरं स्वच्छ करा. ही कडी तुमच्या दोन डोळ्यांमधला फरक भरून काढते. एकदा बसली की तिला परत हात लावायचा नाही. नेलपॉलिशचा एक ठिपका देऊन ठेवा, कारण दुर्बीण दुसऱ्याच्या हातात गेली की ती हमखास फिरते. पुढे दिवसभर फक्त मधलं चाक.

आणि एक सवय. पक्षी दिसला की मान खाली घालून दुर्बीण शोधू नका. नजर पक्ष्यावरच ठेवून दुर्बीण डोळ्यांपर्यंत उचला. हे नागपुरातल्या फुटाळा किंवा अंबाझरी तलावावर दोन संध्याकाळी घारींवर करून पाहा. उडती घार पकडता आली तर पाण्यावर बसलेलं बदक सोपं आहे.

आदली रात्र

कपडे मातकट, खाकी, शेवाळी, चुरचुर न वाजणारे. फेब्रुवारीतसुद्धा तलावावर सकाळी काकडायला होतं आणि अकराला घाम येतो, म्हणून एकावर एक दोन कपडे. टोपी, पाणी, रोख पैसे, एक जुनी चादर बसायला. डब्यात पोळी-भाजी असू द्या. का ते गोठणगावी कळेल. मठात बूट काढावे लागतात, म्हणून भोकं पडलेले मोजे नकोत.

वाइनच्या बाटल्या आदल्या दिवशीच आणून फ्रिजमध्ये ठेवा. परत येईपर्यंत दुकान बंद व्हायचं, किंवा त्या दिवशी ड्राय डे निघायचा. बाटल्या गाडीत मात्र टाकू नका, अगदी "तलावाकाठी थोडीशी" म्हणूनही नाही. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत वाइन शिजते. ते राहू द्या, तिकडची सीमाही लक्षात ठेवा: अर्जुनी मोरगावला लागूनच गडचिरोली जिल्हा सुरू होतो आणि तिथे १९९३ पासून दारूबंदी आहे. तिकडच्या वडसा मार्गे फिरून येऊ असं कुणाच्या डोक्यात आलं तर डिकीतली बाटली चांगलीच महागात पडेल.

पावणेचारला निघा

खरंच पावणेचारला. नागपूर ते नवेगावबांध साधारण १४० ते १५० किलोमीटर, पहाटे तीन तास. पारडीकडून राष्ट्रीय महामार्ग ५३ धरायचा (जुने लोक अजून "नॅशनल सिक्स"च म्हणतात), भंडाऱ्याला वैनगंगा ओलांडायची, मग लाखनी, साकोली, पुढे कोहमाऱ्याला उजवीकडे. त्या उजव्या वळणानंतर रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंना जंगल येतं आणि चितळ अचानक रस्त्यावर उभं असतं. वेग चाळीसवर आणा, अप्पर लाइट सतत ठेवू नका.

गाडी चालवणाऱ्याने आदल्या रात्री नवाला झोपावं. हे मी हक्काने सांगतो. आमच्यातल्या एकाने लग्नाच्या पंगतीतून थेट स्टिअरिंग धरलं होतं आणि लाखनीच्या पुढे दोनदा डुलकी घेतली. दोन चालक न्या, नाहीतर ड्रायव्हर करा.

तलावावर

नवेगावचा तलाव हा निसर्गाने केलेला नाही, तो बांधलेला आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असं मानलं जातं. भंडारा-गोंदियातल्या शेकडो तलावांमागे ही कोहळी मंडळीच आहेत. नांगराच्या आधी पाणी, असा त्यांचा हिशेब. भोवतीच्या सात टेकड्यांना सात बहिणी म्हणतात. त्यांनीच बांध पुरा करायला मदत केली अशी कथा आहे, आणि कोलू पाटलांचा कोलासूर देव होऊन एका टेकडीवर जाऊन बसला आहे. पाण्याचा पसारा सुमारे ११ चौरस किलोमीटर. त्यामुळे "तलाव बघून झाला" असं म्हणू नका, त्याचा एक कोपरा बघून होतो.

जंगलातली सफारी वेगळी, तिचं बुकिंग वनविभागाकडे वेगळं करावं लागतं. १९७५ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१३ पासून हा भाग नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आहे. या सहलीत सफारी घुसडू नका. दोन्ही अर्धवट होतील.

काठावर पोचलात की पहिली पाच मिनिटं दुर्बीण उचलूच नका. नुसतं पाहा. पाण्यावर काळे ठिपके कुठे दाट आहेत, काठाच्या गवतात काय हलतंय, आकाशात कोण फिरतंय. मग डावीकडून उजवीकडे सावकाश, शेतात पाळी घालावी तसं, दुर्बीण फिरवा.

बदकं ओळखायची पहिली पायरी रंग नाही, सवय आहे. काही बदकं उथळ पाण्यात डोकं खाली आणि शेपूट वर करून चरतात, पूर्ण बुडत नाहीत. तलवार बदक, चक्रांग, गडवाल ही त्यातली. काही आख्खी बुडी मारून दिसेनाशी होतात आणि चार हात पुढे वर येतात. लालसऱ्या तशा. त्यामुळे काठालगतच्या शेवाळात कोण आणि मधल्या खोल पाण्यात कोण, एवढं पाहिलं तरी निम्मी यादी आपोआप वेगळी होते. थापट्या तर लांबूनच कळतो. चोच पुढे उलथन्यासारखी पसरट, ती पाण्यात सरळ धरून गोल गोल फिरत राहतो.

नवख्यांना मी आधी हळदी-कुंकू बदक दाखवतो. पाहुणं नाही, बारमाही इथलंच. लांबून मळकट, खवल्याखवल्यांचं, काही विशेष नाही. दुर्बीण स्थिर करा. चोच काळी, टोकाला हळदीचं बोट बुडवल्यासारखा पिवळा डाग. आता चोच कपाळाला मिळते तिथे पाहा: दोन बाजूंना दोन शेंदरी ठिपके. ज्याने कुणी हे नाव ठेवलं त्याच्या घरी चैत्रगौर बसत असणार. एकदा हे दिसलं की माणसं स्वतःहून चोची बघायला लागतात, आणि पक्षी पाहणं तिथून सुरू होतं.

मग वारकरी: काळाकुळकुळीत, कपाळावर पांढरा ठसा, उडायच्या आधी पाण्यावरून फटफट धावत सुटणारा. जांभळ्या पाणकोंबड्या गवतात. कमळपक्षी लांबलचक बोटांनी पानांवरून चालतो, पान बुडायच्या आत पुढच्या पानावर. टिबुकली बुडाली की पैज लावा, कुठे वर येईल. आम्ही नेहमी हरतो. तिरंदाज अंग पाण्याखाली ठेवून नुसती सापासारखी मान वर काढतो, आणि नंतर ठुंठावर पंख पसरून वाळत बसतो.

सारस दिसेल का, हा प्रश्न प्रत्येक फेरीत येतो. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्यातच, पण तो गोंदियाकडच्या धानशेतांत आणि नदीकाठी. नवेगावला दिसलाच तर नशीब. सारसासाठी वेगळा दिवस काढा आणि शेतकऱ्याच्या बांधावरून शेतात उतरू नका.

बोटीतून थव्याच्या मागे जाऊ नका. थवा उठला की फोटो छान येतो हे खरं, पण हजारो किलोमीटरच्या परतीसाठी अंगावर चरबी साठवणाऱ्या पक्ष्याला आपण तासाभरात तीनदा उडवतो.

नऊनंतर पाण्यावर चकाकी येते. मग काठ सोडा आणि पळसाकडे वळा. फुललेल्या पळसाखाली अर्धा तास उभं राहणं हा या दिवसांतला सगळ्यात स्वस्त आनंद आहे. साळुंक्या, कोतवाल, सूर्यपक्षी, हळद्या, सगळे मधासाठी येतात. नशीब असेल तर गुलाबी अंगाच्या आणि काळ्या डोक्याच्या पक्ष्यांचा पंचवीस-तीसचा थवा झपकन उतरतो. ती भोरडी. तिचं दुसरं नाव पळसमैना. भगव्या फुलात गुलाबी पक्षी, आणि कलकलाट असा की शाळा सुटली. एप्रिलपर्यंत हीदेखील निघून जाते.

यादी तिथल्या तिथे लिहा, आकडे टाकून. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर गाइडच्या मदतीने भरली तर फारच छान. साडेदहाला गाइडला नाश्ता देऊन, पैसे देऊन मोकळं करा.

गोठणगाव

नवेगावबांधहून अर्जुनी मोरगावच्या बाजूने जायचं. प्रतापगडाचा डोंगर दिसायला लागला आणि रस्त्याकडेला रंगीत पताका फडफडताना दिसल्या की पोचलात. १९५९ नंतर भारतात आलेल्या तिबेटी निर्वासितांसाठी देशभर वसाहती झाल्या, त्यांतली महाराष्ट्रातली ही. नाव नॉर्ग्येलिंग, स्थापना १९७२. सरकारने जमीन दिली, जंगल साफ करून शेती सुरू झाली. पण विदर्भाच्या उन्हात तिबेटी माणसाने धान पिकवणं सोपं नव्हतं, आणि हळूहळू स्वेटरचा व्यापार मुख्य झाला.

ही पर्यटनस्थळं नव्हेत, राहती घरं आहेत. आधी मठाच्या किंवा वसाहतीच्या कार्यालयाकडे जा, कुठून आलो, किती जण, ते सांगा. "ताशी देलेक" म्हटलं की समोरचा हसतो आणि पुढचं हिंदीत होतं. थोरल्यांशी तर चक्क मराठीतही. परदेशी पाहुणा बरोबर असेल तर आधी नीट चौकशी करा. तिबेटी वसाहतींत राहण्यासाठी परदेशी नागरिकांना केंद्राचा वेगळा परवाना लागतो.

मठात शिरताना बूट-टोपी बाहेर. प्रदक्षिणा आपल्यासारखीच, उजवी बाजू आत ठेवून, आणि प्रार्थनाचक्रंही त्याच दिशेने फिरवायची. पोरं उलटी फिरवतात, आधीच सांगून ठेवा. बसलात तर पाय मूर्तीकडे पसरू नका. भिक्खूंच्या आसनांवर, त्यांच्या पोथ्यांवर हात ठेवू नका. फोटो विचारून. पाठ सुरू असेल तर मागच्या भिंतीशी बसून राहा, अर्धा तास गेला तरी हरकत नाही.

आमच्यातला एक मित्र दीक्षाभूमीच्या मागच्या वस्तीतला. १४ ऑक्टोबर १९५६ ला त्याचे आजोबा तिथे होते. विहारात त्याने लहानपणापासून पाली वंदना म्हटलेली, समोर बुद्ध आणि बाबासाहेब. इथे बुद्धाच्या शेजारी तिबेटात बौद्ध धर्म नेणारे गुरू पद्मसंभव, दलाई लामांचा फोटो, लोण्याचे दिवे, भिंतीवर डोळे वटारलेल्या रक्षक देवता, आणि पाठ तिबेटीत. तो बराच वेळ काही बोलला नाही. बाहेर येऊन बूट घालताना म्हणाला, "यार, बुद्ध आपलाच आहे, पण याचं सासर फार लांब आहे." मला वाटतं दीक्षाभूमी पाहिलेल्या नागपूरकराने हा मठ पाहावाच, आणि ज्याने दीक्षाभूमी नुसती बाहेरून पाहिली आहे त्याने आधी ती आतून पाहावी.

जेवणाचं सांगायचं तर इथे हॉटेलांची रांग नाही. गाइडमार्फत किंवा कार्यालयातून आदल्या दिवशी सांगितलं तर कधीकधी कुणाच्या घरी थुक्पा, मोमो होतात. होतीलच असं नाही, म्हणून तो पोळीचा डबा. लोण्याचा खारट चहा मिळाला तर चहा समजून पिऊ नका, सूप समजून प्या, बरा लागतो. दानपेटीत काहीतरी टाका. अडीचला निघा.

परत

परतीच्या वाटेवर साकोलीला चहा, तेवढाच थांबा. मार्च लागला असेल तर मोहाच्या झाडांखाली सकाळी पडलेली फुलं वेचलेली दिसतील. मोहाखाली गाडी उभी करू नका, कुणाच्या तरी घरची ती मिळकत आहे. वाटेत कुणी पहिल्या धारेची विचारली तर नाही म्हणा. चव पाहायची ती घरी, सीलबंद बाटलीतली.

सहापर्यंत घर. आंघोळ करा. गाड्या लागल्या, किल्ल्या खुंटीला, आणि ज्यांना परत जायचंय त्यांची रिक्षा ठरली, हे झाल्याशिवाय बूच काढायचं नाही.

तीन घोट

नाशिकला जाऊन द्राक्षमळ्यात बसून चव घेणं वेगळं, पण ते इथून रात्रभराचं अंतर आहे. नाशिकचीच वाइन इथे आणायची. सहा जणांना तीन बाटल्या खूप होतात: चव घ्यायला माणशी साठ मिलिलिटर, म्हणजे ७५० च्या बाटलीतून बारा वाटे निघतात. पिण्याचा परवाना दुकानातच मागून घ्या. ज्यांना नको त्यांच्यासाठी द्राक्षाचा रस त्याच पेल्यात.

नागपुरात सगळ्यात मोठी चूक होते ती तापमानाची. "रेड वाइन रूम टेंपरेचरला" असं कुणीतरी सांगितलेलं असतं. ती रूम युरोपातली, सोळा-अठरा अंशांची. आपली रूम मार्चच्या संध्याकाळी तीस अंशांची असते आणि त्यात लाल वाइन औषधासारखी लागते. लाल बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. पांढरी उलट फार गार नको, दहा-पंधरा मिनिटं आधी बाहेर काढा, नाहीतर जीभ बधिर होते आणि वास लागत नाही.

पेला एक तृतीयांशच भरा. पांढऱ्या कागदावर तिरपा धरून रंग पाहा. फिरवा, नाक आत घाला, पहिला वास मनात धरा. छोटा घोट तोंडात घोळवा, दोन्ही गालांत जाऊ द्या. गिळल्यावर चव किती वेळ मागे राहते ते मोजा. "वुडी नोट्स" वगैरे म्हणायची गरज नाही. माझ्या आईने सोविन्यो ब्लां या पांढऱ्या वाइनचा वास घेऊन "सांबार निवडताना येतो तसा" म्हटलं होतं (नागपूरबाहेरच्यांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर), आणि त्याहून नेमकं वर्णन मी कुठे ऐकलं नाही.

त्यावरूनच आमची जोडी ठरली. पहिली सोविन्यो ब्लां, सोबत पुडाची वडी. आतल्या कोथिंबिरीचा हिरवेपणा आणि वाइनचा आंबटपणा एकमेकांना धरतात. दुसरी लाल शिराझ, सोबत निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, तिखट बेताचं. धुराला धूर लागतो. तिसरी गोड, उशिरा तोडलेल्या द्राक्षांची शेनिन ब्लां, सोबत संत्रा बर्फी. ताजी संत्री मात्र सगळं झाल्यावर. मृग बहाराची संत्री या दिवसांत दारात असतात, पण मधे एक फोड खाल्ली की पुढची वाइन पाण्यासारखी लागते. दोन वाइनच्या मधे पाणी आणि कोरे मुरमुरे.

आणि सावजी? नाही. कितीही आग्रह झाला तरी नाही. सावजीच्या तर्रीपुढे शिराझ अशी गप्प बसते की बाटली कुठली होती तेही आठवत नाही. सावजी दुसऱ्या दिवशी दुपारी.

पक्ष्यांच्या यादीत काही उरलं असेल तर ते पहिल्या पेल्याआधी भरून टाका. आमच्या दुसऱ्या फेरीच्या वहीत सदतिसाव्या क्रमांकावर, तीन वेगवेगळ्या अक्षरांत, "बहुतेक गरुड", "घार असेल" आणि "माझा नवरा म्हणतो विमान" असं लिहिलेलं आहे.